लेव्हल की एज: इंटरप्ट पिनच्या एका बिटाची पार्श्वभूमी

पुण्यात ८०५१ या मायक्रोकंट्रोलर चिपवर एक्स्टर्नल इंटरप्टचा, म्हणजे बाहेरून पिनवर आलेल्या संकेताने चालू प्रोग्रॅम थांबवण्याचा, प्रयोग ज्यांनी केला असेल त्यांच्या जर्नलमध्ये पहिली ओळ हमखास सापडेल: आयटी-झिरो बिट एक करा. का करायचा, ते तिथे सहसा लिहिलेले नसते. रीसेटनंतर हा बिट शून्य असतो आणि पिन लो लेव्हलवर, म्हणजे ती खाली (कमी व्होल्टेजवर) आहे तोवर, इंटरप्ट देते. एक केला की फॉलिंग एजवर, म्हणजे पिन वरून खाली येते त्या क्षणी, देते. चिप ज्या अवस्थेत जागी होते ती आपण पहिल्याच ओळीत बदलून टाकतो, आणि मग लेव्हल ही काहीतरी चुकीची, टाळायची गोष्ट आहे असा समज आयुष्यभर सोबत राहतो. तो समज मला खटकतो, म्हणून हे थोडे मागे जाऊन पाहणे.

बाहेरच्या यंत्राने चालू प्रोग्रॅम थांबवावा ही सोय १९५० च्या दशकातल्या मोठ्या संगणकांत आली. आपल्या कामाचा भाग सुरू होतो तो मात्र मायक्रोप्रोसेसरपासून. तेव्हा प्रोसेसरला इंटरप्टच्या पिना मोजक्याच आणि लक्ष मागणारी उपकरणे बरीच. मग एकच तार, वर तिला एरवी हाय ठेवणारा पुल-अप रेझिस्टर, आणि ज्याला गरज असेल त्याने ओपन कलेक्टरमधून (फक्त खाली ओढू शकणाऱ्या आउटपुटमधून) ती खाली ओढायची. अशा सामायिक तारेवर लेव्हलच चालते. एकाचे काम उरकले तरी दुसऱ्याने तार धरून ठेवलेली असेल तर इंटरप्ट पुन्हा लागतो, कोणी राहून जात नाही. १९७५ चा ६५०२ आणि १९७६ चा झेड-८० या दोन प्रोसेसरांनी साधा इंटरप्ट लो लेव्हलवर ठेवला आणि नॉन-मास्केबल मात्र फॉलिंग एजवर. त्यालाही कारण होते. जो इंटरप्ट बंदच करता येत नाही तो लेव्हलवर असता, तर तार खाली आहे तोवर प्रोसेसर त्याच्याच आयएसआरमध्ये (इंटरप्ट आला की चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्यात) पुन्हा पुन्हा शिरत राहिला असता.

यानंतरचा एक निर्णय इतका गाजला की तो थोडा सविस्तर सांगायलाच हवा. १९८१ च्या आयबीएम पर्सनल कॉम्प्युटरमध्ये इंटरप्टच्या तारा एज-ट्रिगर ठेवल्या गेल्या. त्या तारा सांभाळणाऱ्या ८२५९ कंट्रोलरमध्ये लेव्हलसाठी वेगळा बिट होता, तो वापरला नाही. एजच्या बाजूने बोलण्यासारखे होते. कार्ड सोपे होते, 'माझी मागणी मिटली' असे त्याला कळवण्याची फार यातायात लागत नाही, आणि अर्धवट लिहिलेल्या आयएसआरमुळे मशीन तिथल्या तिथे फिरत बसत नाही. पण एकाच तारेवर दोन कार्डे आली की पंचाईत. पहिल्याने तार वर धरलेली असताना दुसऱ्याने मागणी केली तर नवी एज उमटतच नाही, आणि ती मागणी कायमची हरवते. कॉम-वन आणि कॉम-थ्री ही दोन्ही सीरियल पोर्ट चार नंबरच्या इंटरप्टवर असायची. नव्वदच्या दशकात ज्यांनी घरी पीसी जोडून घेतला होता त्यांना आठवत असेल, मॉडेम लावला की माउस गोठायचा आणि मग कॅबिनेट उघडून जंपर बदलत बसावे लागायचे. आयबीएमनेच १९८७ मध्ये पुढची बस (कार्डे जोडण्याची तारांची व्यवस्था) आणली ती लेव्हलवर. १९९२ मध्ये आलेली पीसीआय बसही लेव्हलवर, तीही ॲक्टिव्ह लो. एजचा निर्णय चुकला होता असे मी सरळ म्हणेन. तेव्हा तो स्वस्त पडला एवढेच.

आमच्या पिढीने मात्र हे सगळे उलट्या क्रमाने शिकले. आधी ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचा ट्रेनर किट, मग ८०५१. ८०८५ च्या इंटरप्ट पिनांपैकी आरएसटी ७.५ रायझिंग एजवर (खालून वर जाताना), ६.५ आणि ५.५ हाय लेव्हलवर, आणि ट्रॅप या नॉन-मास्केबल पिनला दोन्ही लागते: एज आली पाहिजे आणि दखल घेतली जाईपर्यंत पिन हाय राहिलीही पाहिजे. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांचा हा आवडता प्रश्न. आम्ही उत्तर पाठ केले होते, पण ट्रॅपला दोन्ही का लागते ते मला भोसरीत कळले.

तिथल्या धातूचे भाग दाबून घडवणाऱ्या एका प्रेस शॉपसाठी ८०५१ च्याच घराण्यातल्या ८९सी५१ वर जॉब (तयार भाग) मोजणारा काउंटर केला होता. सगळे सामान बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेले. प्रॉक्झिमिटी सेन्सर (जॉब जवळ आला की संकेत देणारा) इंट-झिरो या इंटरप्ट पिनवर, आयटी-झिरो अर्थातच एक. टेबलावर आकडा बरोबर यायचा. शॉपमध्ये कॉन्टॅक्टर (कॉइलने चालणारा मोठा स्विच) सुटला की आकडा एकदोनने पुढे सरकायचा. कारण ८०५१ ची 'एज' ही खरी एज नाहीच. चिप दर मशीन सायकलला पिन एकदा वाचते. एका वाचनात हाय आणि लगेच पुढच्यात लो दिसले की झाली एज. ११.०५९२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर मशीन सायकल साधारण १.०८५ मायक्रोसेकंदाची असते. म्हणजे कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा एक झटका नेमका वाचनाच्या क्षणी पिनवर असला तरी पुरे. फ्लॅग (इंटरप्टची नोंद ठेवणारा बिट) लागतो आणि आयएसआर चालेपर्यंत लागलेलाच राहतो. कॉइलवर झटका शोषणारा स्नबर लावला, मध्ये संकेत प्रकाशातून पलीकडे नेणारा ऑप्टोकपलर घातला. पण आकडा खरा थांबला तो प्रोग्रॅम बदलल्यावर: एज आली की फक्त टायमर सुरू करायचा, दोन मिलिसेकंदांनी पिन अजून लो असेल तरच जॉब मोजायचा. हे ट्रॅपचेच तत्त्व.

मग जर्नलमधली ती ओळ कुठून आली? बटनातून. पहिला प्रयोग नेहमी बटनाचा असतो. लेव्हलवर बटन लावले की बोट उचलेपर्यंत आयएसआर हजारो वेळा चालतो आणि विद्यार्थी गोंधळतो. एजवर संपर्कांची थरथर (दाबताना होणारी क्षणिक उघडझाप) तेवढी उरते. पण लेव्हल ही बटनासाठी नव्हतीच. ती अशा उपकरणासाठी होती जे मागणी धरून ठेवते आणि त्याचे रजिस्टर वाचले की सोडते. हेही खरे की लेव्हलला स्मरण नसते. दखल घेण्याआधी पिन वर गेली तर मागणी गेलीच.

लेव्हलचा एक उपयोग मला फार आवडतो आणि तो हल्ली कोणी शिकवत नाही. आयएसआरमधून परत आणणाऱ्या आरईटीआय सूचनेनंतर मूळ प्रोग्रॅमची किमान एक सूचना चालल्याशिवाय ८०५१ पुन्हा इंटरप्ट घेत नाही. म्हणून इंट-झिरो लेव्हलवर ठेवून लो धरायची आणि आयएसआरमध्ये पिन वर जाऊन परत खाली येईपर्यंत थांबायचे. प्रत्येक पल्सला बरोबर एक सूचना पुढे. एम्युलेटर (चिपच्या जागी लावायचे तपासणीचे यंत्र) न घेता सिंगल स्टेप! पल्स मात्र थरथर काढलेली हवी.

नंतरच्या चिपांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला, आणि नावांचा नवा गुंता केला. एटीमेगा-८ ही मायक्रोकंट्रोलर चिप पॉवर-डाउनमध्ये झोपली की इंट-झिरोची एज ओळखायला घड्याळच उरत नाही. तिला त्या पिनवरून उठवायला लेव्हलच लागते, आणि बॅटरीवरच्या कामात इथेच अनेकजण अडकतात. अर्दुइनो या तयार बोर्डांच्या मालिकेने 'इंटरप्ट झिरो' हा स्वतःचा क्रमांक आणला. तो उनो बोर्डवर दोन नंबरची पिन, लिओनार्डोवर तीन नंबरची. मेगावर पुन्हा दोन नंबरची, पण चिपच्या हिशेबाने ती इंट-फोर. त्यामुळे पिनवरून क्रमांक काढून देणारे फंक्शनच वापरावे, आकडा हाताने लिहू नये.

एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरमध्ये जवळपास प्रत्येक पिन इंटरप्ट देऊ शकते, पण पीए-झिरो आणि पीबी-झिरो या पिना एकाच इंटरप्ट लाइनवर येतात, दोन्ही एकदम घेता येत नाहीत. आणि तिथे लेव्हलचा पर्यायच नाही. रायझिंग, फॉलिंग किंवा दोन्ही. मागणी धरून ठेवणारे उपकरण जोडायचे असेल तर पेंडिंग बिट (इंटरप्ट आल्याची नोंद) आधी पुसायचा, काम करायचे आणि बाहेर पडण्यापूर्वी पिन स्वतः वाचायची. ती अजून लो असेल तर सॉफ्टवेअर इंटरप्टच्या रजिस्टरमध्ये त्या लाइनचा बिट लिहून इंटरप्ट आपल्या हाताने पुन्हा उठवायचा.