वृद्धाश्रम पत्रलेखन

वृद्धाश्रमात किंवा नर्सिंग होममधे राहणाऱ्या, आपली काही ओळखपाळख नसलेल्या आजीआजोबांना हाताने पत्र लिहून पाठवायचं स्वयंसेवी काम. याचे पैसे मिळत नाहीत, उत्तराची हमी नसते, आणि पत्र बहुतेक वेळा त्या माणसाच्या घरच्या नावाने न जाता संस्थेच्या पत्त्यावर गठ्ठ्याने जातं, मग तिथले कर्मचारी ते वाटतात, गरज असली तर वाचूनही दाखवतात. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा इथे याला रीतसर संघटित रूप आलंय. आपल्याकडे ते मुख्यतः शाळा-कॉलेजांच्या उपक्रमांतून होतं.

सुरुवात कधी झाली यावर एकमत नाही. बातम्यांमधे सहसा 2020 सांगतात आणि त्याला कारणही आहे. कोविडच्या साथीमुळे त्या वर्षी 13 मार्चला अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य यंत्रणेने देशभरातल्या नर्सिंग होम्सना भेटायला येणाऱ्यांना जवळपास पूर्ण बंदी करायला सांगितलं, मुलंबाळं खिडकीच्या काचेबाहेर उभी राहून हात हलवायला लागली, आणि त्याच वसंतात श्रेया आणि सॅफ्रन पटेल या दोन शाळकरी बहिणींनी बॉस्टनमधे ‘लेटर्स अगेन्स्ट आयसोलेशन’ सुरू केलं. इंग्लंडमधे एकट्या पडलेल्या त्यांच्या आजीला तिच्या मैत्रिणीचं हाताने लिहिलेलं पत्र आलं आणि ती किती हरखली, ते बघून त्यांना हे सुचलं. पण ओहायोतल्या जेकब क्रेमरचं ‘लव्ह फॉर अवर एल्डर्स’ 2013 पासूनचं आहे, आजोबा गेल्यावर त्याने तेरा-चौदाच्या वयात ते काढलं, आणि 26 फेब्रुवारी हा ज्येष्ठांना पत्र लिहायचा दिवस पाळायची पद्धत तिथूनच आली. म्हणजे साथीने ही प्रथा जन्माला घातली असं म्हणण्यापेक्षा साथीने ती घरोघर पोचवली असं म्हणणं जास्त बरोबर वाटतं.

याच्याही मागे जायचं तर अनोळखी माणसाला धीर द्यायला पत्र, ही कल्पना पहिल्या महायुद्धात फ्रान्समधे स्पष्ट दिसते. 1915 पासून तिथे ‘मारेन द गेर’ म्हणजे सैनिकांच्या मानलेल्या माता तयार झाल्या, ज्यांची गावं जर्मनांच्या ताब्यात गेल्यामुळे ज्यांना घरून एकही पत्र येऊ शकत नव्हतं अशा शिपायांना या बायका लिहायच्या. दुसरा धागा पॅरिसमधेच 1946 साली आर्मां मार्किझे यांनी काढलेल्या ‘गरिबांचे धाकटे भाऊ’ या संस्थेचा, तिचं काम एकट्या म्हाताऱ्यांच्या सोबतीचं, आणि ‘भाकरीआधी फुलं’ हे तिचं ब्रीद. काहीजण हाच खरा पूर्वज धरतात. भाव तोच आहे हे खरं, पण तिथे भर घरी जाऊन भेटण्यावर होता, त्यामुळे पत्राच्या अंगाने बघितलं तर फ्रेंच मातांचा धागा जास्त जवळचा.

पत्राने खरंच काही होतं का, यावर नेहमी जो अभ्यास पुढे केला जातो तो मुळात म्हाताऱ्यांवरचा नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी, आत्महत्येचा धोका असलेल्या आणि हॉस्पिटलमधून सुटल्यावर पुढचे उपचार नको म्हणणाऱ्या 843 रुग्णांचे दोन गट केले, एका गटाला काहीच पाठवलं नाही आणि दुसऱ्याला छोटी, काहीही न मागणारी पत्रं पाठवली: पहिले चार महिने दर महिन्याला, पुढचे आठ महिने दोन महिन्यांतून एकदा, आणि मग चार वर्षं दर तीन महिन्यांनी, अशी एकूण 24. पत्रं मिळणाऱ्या गटात पहिल्या दोन वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण कमी राहिलं, नंतर फरक हळूहळू पुसला गेला (अंतिम निष्कर्ष 2001 मधे छापून आले). ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलला विषप्राशनानंतर वाचलेल्या रुग्णांना वर्षभरात आठ पोस्टकार्डं पाठवली, त्याचा 2005 चा अहवाल असा की पुन्हा असं करणाऱ्या माणसांची संख्या फारशी घटली नाही पण एकूण प्रसंग निम्म्याच्या आसपास आले. हे वृद्धाश्रमाला जसंच्या तसं लावता येत नाही. तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे, मोटोंची पत्रं टाइप केलेली होती, फक्त मजकूर प्रत्येकाला वेगळा आणि माणसाने काही कळवलं असेल तर त्याला धरून लिहिलेला. म्हणजे गुण हस्ताक्षरापेक्षा नेमाचा असावा. सणाला एकदम दोनशे ग्रीटिंग कार्डांचा ढीग पाठवण्यापेक्षा एकाच आजोबांना वर्षभर महिन्याला एक पत्र हे कितीतरी मोलाचं, आणि दुर्दैवाने बहुतेक उपक्रम ढिगाच्या बाजूनेच झुकतात कारण ढिगाचा फोटो निघतो.

लिहिण्याचे नियम संस्थेगणिक थोडे बदलतात. साधारण असे: आडनाव, घरचा पत्ता, फोन द्यायचा नाही, तारीख घालायची नाही, कारण पत्र कधी वाटलं जाईल सांगता येत नाही, ‘लवकर बरे व्हा’ लिहायचं नाही, वृद्धाश्रमातला माणूस आजारी असतोच असं नाही, धर्म, राजकारण टाळायचं, चमकी लावायची नाही. साथीच्या काळात आलेली पत्रं एखाद-दोन दिवस बाजूला ठेवून मग वाटायचे, कारण पुठ्ठ्यावर विषाणू 24 तासांपर्यंत टिकू शकतो असं प्रयोगात दिसलं होतं.

अक्षराकडे मात्र लोक फार दुर्लक्ष करतात. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला गुळगुळीत कागदावरची चमक सहन होत नाही, गुलाबी कागदावर निळं जेल पेन म्हणजे कोरा कागदच. पांढरा साधा कागद, काळं जाड टोकाचं पेन, एक ओळ सोडून एक. मराठीत शिरोरेखेच्या वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार येतात, त्यामुळे ओळी दाटल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि वाचणारी आजी तिथेच थांबते. आकडे देवनागरीत काढलेले बरे. मायना साधा ठेवावा, ‘ती. आजी, सा. न.’ चालतं.

आणखी एक, हे आपल्याकडचंच आहे. जुन्या रिवाजात कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी, असं कार्ड घरात ठेवत नसत, वाचून लगेच फाडून टाकत. आणि हळदकुंकवाचं बोट लावलेलं म्हणजे लग्नमुंज. आज ऐंशीच्या पुढे असलेल्यांना हे पक्कं माहीत असतं. शाळेतली मुलं हौसेने कार्डाचे कोपरे कापून नक्षी करतात, ते टाळायला हवं, मुलांना कारण सांगितलं की ती बरोबर लक्षात ठेवतात.

महाराष्ट्रात वृद्धांसाठीच्या संस्था जुन्या आहेत, पुण्यातला ‘निवारा’ हा डेव्हिड ससून यांच्या देणगीतून 1860 च्या दशकात, बहुधा 1863 च्या सुमारास उभा राहिला. पत्रांशी आपलं नातंही जुनं. मुंबईच्या जीपीओ म्हणजे मुख्य पोस्ट ऑफिसबाहेर बसणारे पत्रलेखक कितीतरी चाकरमान्यांची आणि मजुरांची खुशाली गावाला कळवायचे, गावात पोस्टमनच पत्र वाचून दाखवायचा. आजच्या वृद्धाश्रमात ते काम मावशी करतात. दुपारचा चहा झाला की ज्यांना दिसत नाही त्यांच्या पलंगावर बसून वाचतात, एकदा झालं की परत पहिल्यापासून, आणि पत्र मग उशीखाली किंवा औषधांच्या डब्यात जातं. म्हणून पत्र लिहिताना मावशींना अडखळायला होणार नाही असंच लिहावं, आणि शेवटी त्यांनाही नमस्कार सांगावा.

खर्च तसा किरकोळ. भारतात पोस्टकार्ड 1 जुलै 1879 ला आलं आणि पुढे कित्येक वर्षं 50 पैशांवर राहिलं, आंतर्देशीय अडीच रुपयांना. डेन्मार्कच्या टपाल खात्याने मात्र 2025 च्या अखेरीस घरोघर पत्रं वाटणं बंदच केलं, चारशे वर्षांची सेवा थांबली, तेव्हा हे काम कुठल्याही देशात टपाल टिकण्यावर अवलंबून आहे.

सगळ्यात कच्चा दुवा उत्तराचा. पत्ता द्यायचा नाही या नियमामुळे आजीला लिहावंसं वाटलं तरी कुठे लिहिणार, आणि नुसतं घेत राहणं स्वाभिमानी माणसाला जड जातं. कॉलेजचा किंवा संस्थेचा पत्ता छापलेलं कार्ड सोबत घालणं हा सोपा उपाय. पोस्टात पूर्वी जोडकार्ड मिळायचं, एक आपण लिहायचं आणि दुसरं कोरं, उत्तरासाठी, त्याचे पैसे पाठवणाऱ्याने आधीच भरलेले असायचे.