पॅकेजवरची चिठ्ठी: एआयने लिहिलेल्या कोडची नोंद का मागितली जाते

"हा कोड कुणाचा?" मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचू, बदलू आणि वाटू शकतो अशा सॉफ्टवेअरच्या, जगात हा प्रश्न एआयच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पाने १९९७ मध्ये आपला सामाजिक करार, म्हणजे वापरणाऱ्यांना दिलेली तत्त्वांची हमी, स्वीकारला. त्याच्या प्रत्येक पॅकेजसोबत (इन्स्टॉल करायला तयार बांधलेल्या प्रोग्रॅमसोबत) कॉपीराइटची एक फाइल येते. कोड कुणाचा आणि परवाना कोणता, हे तिच्यात लिहिलेले असते. अ‍ॅपमध्ये जाहिराती किंवा पाळत असेल, तर एफ-ड्रॉइड हे अँड्रॉइडच्या मुक्त अ‍ॅपचे भांडारही तसे लेबल लावते आणि वापरायचे की नाही ते वापरणाऱ्यावर सोडते.

खरे वळण आले २००३ मध्ये. लिनक्समध्ये युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचा कोड घुसवल्याचा आरोप करून, त्यावर हक्क सांगणाऱ्या एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, कुठली ओळ कुठून आली, हे दाखवता येण्याची गरज तेव्हा सगळ्यांनाच पटली. पुढच्याच वर्षी प्रत्येक पॅचखाली (पाठवलेल्या बदलाखाली) 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहिण्याची पद्धत सुरू झाली. हा कोड मी लिहिला आहे, किंवा तो देण्याचा हक्क मला आहे, अशी ती हमी.

एआयने नेमकी हीच हमी डळमळीत केली. सार्वजनिक कोडवर शिकवलेला, कोड सुचवणारा गिटहब कोपायलट जून २०२१ मध्ये चाचणीसाठी आला. त्यातून जीपीएलखालचा (बदल करून वाटलेला कोडही त्याच अटींवर खुला ठेवायला लावणाऱ्या परवान्याखालचा) एखादा तुकडा परवाना गळून पडलेल्या अवस्थेत बाहेर आला, तर तो ओळखणार कसा? दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले, की हक्क मिळायला मानवी कर्तृत्व लागते. जीपीएलचे सगळे बळ कॉपीराइटमधूनच येते. ज्या भागावर हक्कच नाही, तिथे अटी लागू करणार कशाच्या आधारावर?

जेंटू या लिनक्सवर आधारलेल्या प्रकल्पाने एप्रिल २०२४ मध्ये एआयने लिहिलेला कोड घ्यायचाच नाही असे ठरवले. पुढच्याच महिन्यात नेटबीएसडी या दुसऱ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पाने तो परवान्याच्या दृष्टीने संशयास्पद मानला आणि लेखी मंजुरीची अट घातली. फेडोरा या लिनक्सवर आधारलेल्या प्रकल्पाने २०२५ मध्ये वेगळी वाट धरली: एआयची मदत चालेल, पण जबाबदारी कोड देणाऱ्याची, आणि मदत मोठी असेल तर ती उघड करायची. त्यासाठी 'असिस्टेड-बाय' अशी ओळ सुचवली.

ही नोंद कमिटमध्येच, म्हणजे प्रत्येक बदलासोबत जतन होणाऱ्या नोंदीतच, हवी, असे माझे ठाम मत आहे. अख्ख्या पॅकेजवर एकच शिक्का मारला, तर दहा ओळींची मदत आणि संपूर्ण यंत्रलिखित प्रोग्रॅम एकाच मापाने मोजले जातात. शिवाय पॅकेज बांधणारा मूळ लेखक असतोच असे नाही. मूळ प्रकल्पात कुणी नोंद ठेवली नसेल, तर तो लेबल लावणार कशावरून? नियम येण्याआधीच्या काळात असे किती पॅच निमूटपणे आत आले, हे आता नुसता कोड वाचून खात्रीने सांगता येत नाही.