कुंडलीतले बिंदू जे आकाशात दिसतच नाहीत

कुंडलीचं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, रवी-चंद्र-मंगळाच्या यादीत लग्न, राहू, केतू, मांदी, भृगुबिंदू (चंद्र आणि राहू यांचा मध्यबिंदू) पण असतात, आणि पाश्चात्त्य चार्ट असेल तर पार्ट ऑफ फॉर्च्युन, लिलिथ वगैरे. यातल्या एकाकडेही दुर्बीण रोखली तर काही दिसणार नाही, कारण तिथे वस्तूच नाहीये, हे सगळे गणिताने काढलेले बिंदू. पण म्हणून सगळे एकाच माळेचे मणी असंही नाही हां. माझी कसोटी साधी आहे, कुंडली बाजूला ठेवली तरी त्या बिंदूपाशी आकाशात काही घडतं का?

लग्न सोपं आहे. सूर्य वर्षभर आकाशात ज्या मार्गाने फिरताना दिसतो ते क्रांतिवृत्त, आणि त्याचा जो बिंदू जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवत असतो ते लग्न. पृथ्वी फिरते म्हणून तो सरासरी ४ मिनिटांत एक अंश पुढे जातो, त्यामुळे जन्मवेळ आणि ठिकाण दोन्ही लागतं. सरळ भूमिती, वादाला जागा नाही.

राहू-केतू जास्त इंटरेस्टिंग. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी साधारण ५ अंशांनी कललेली आहे, म्हणजे एकमेकीत तिरक्या अडकवलेल्या दोन रिंगा समजा, त्या जिथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. ते कायम समोरासमोर, १८० अंशांवर, त्यामुळे राहू कळला की केतू आपोआप कळतो, वेगळी माहिती शून्य. सूर्याच्या ओढीमुळे ही छेदरेषा उलट्या दिशेने सरकते आणि १८.६ वर्षांत एक फेरी पूर्ण करते. आणि इथे खरंच काहीतरी घडतं! अमावस्या किंवा पौर्णिमा या बिंदूंच्या जवळ झाली तरच ग्रहण लागतं, लांब झाली तर चंद्र वरून किंवा खालून निघून जातो. आर्यभटाने ४९९ साली ग्रहणं सावलीने होतात हे लिहून ठेवलंय, राक्षस गेला पण बिंदू राहिला, कारण ग्रहणाच्या गणिताला तो लागतोच.

तरी एक गोची आहेच. राहूचे दोन प्रकार मिळतात, मध्यम आणि स्पष्ट. मध्यम म्हणजे सरासरी गतीने (दिवसाला सुमारे ३ कला, एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) शांतपणे मागे जाणारा, आणि स्पष्ट म्हणजे त्या क्षणीच्या कक्षेवरून काढलेला, जो डोलत डोलत जातो आणि अधूनमधून चक्क मार्गीही होतो, म्हणजे सरळ पुढे सरकतो. दोघांत साधारण दीड अंशापर्यंत फरक पडू शकतो. राहू राशीच्या टोकाला असेल तर सेटिंगमधलं एक बटण बदललं की राहूची रास बदलली.

हाच प्रकार लिलिथच्या बाबतीत फार वाढतो. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, तो पृथ्वीपासून सगळ्यात लांब जातो ती दिशा म्हणजे चंद्रोच्च. आपल्याकडे सूर्यसिद्धांत या जुन्या खगोलग्रंथात ४३,२०,००० वर्षांत चंद्रोच्चाच्या ४,८८,२०३ फेऱ्या दिल्यात, भागाकार करा, ८.८५ वर्षांना एक फेरी येते, आजच्या आकड्याशी जुळते. तिथे त्याचा उपयोग चंद्राची नेमकी जागा काढायला होता. विसाव्या शतकात पाश्चात्त्य ज्योतिष्यांनी याच बिंदूला लिलिथ नाव देऊन त्याची फळं सांगायला सुरुवात केली. गंमत म्हणजे मध्यम आणि स्पष्ट लिलिथमध्ये तब्बल ३० अंशांपर्यंत फरक येऊ शकतो, म्हणजे अख्खी रास. त्यात १९२७ साली सापडलेला एक लघुग्रहही लिलिथच आहे, आणि १८९८ मध्ये एकाने पृथ्वीला दुसरा चंद्र असल्याचा दावा केला होता, तो चंद्र काही कुणाला सापडला नाही पण नंतर त्यालाही हेच नाव चिकटलं. कुंडलीत लिलिथ दिसली की आधी विचारा, यातली कोणती?

आता शुद्ध बेरीज-वजाबाकीवाले. पार्ट ऑफ फॉर्च्युन म्हणजे लग्न अधिक चंद्र वजा रवी. नीट बघा, चंद्र वजा रवी म्हणजे तर तिथी! दर १२ अंशांना एक तिथी, म्हणजे हा बिंदू लग्नापासून मोजलेली तिथीच आहे, अमावस्येला बरोबर लग्नावर आणि पौर्णिमेला बरोबर समोर. आपल्या ताजिक (वर्षफळाच्या) पद्धतीतलं पुण्य सहम हे याचंच भावंड. रात्रीचा जन्म असेल तर सूत्र उलटं करायचं असं बरेच जुने ग्रंथ सांगतात, दुसऱ्या शतकातला ग्रीक खगोलज्ञ टॉलेमी मात्र दिवस-रात्र एकच सूत्र वापरतो. लग्न सिंह १० अंश आणि चंद्र सूर्याच्या ५५ अंश पुढे धरा, एका सूत्राने उत्तर तूळ ५ आणि दुसऱ्याने मिथुन १५. कोण बरोबर हे आकाशाकडे बघून ठरवताच येत नाही, कारण दोन्ही ठिकाणी काहीच घडत नसतं.

सगळ्यात मजेशीर मला ज्योतिषातले उपग्रह वाटतात (ग्रहांभोवती फिरणारे नव्हेत, तेही नुसते बिंदूच), म्हणजे धूम, व्यतीपात, परिवेष, इंद्रचाप, उपकेतू. सूर्यात १३३ अंश २० कला मिळवा, धूम आला. तो ३६० मधून वजा करा, व्यतीपात. त्यात १८०, परिवेष. तो ३६० मधून वजा, इंद्रचाप. त्यात १६ अंश ४० कला, उपकेतू. आणि उपकेतूत ३० अंश मिळवले की परत सूर्य! गणित चुकलं का ते तपासायची छान सोय आहे, पण पाचही जण एकट्या सूर्यावरून निघालेत, म्हणजे कुंडलीत पाच नावं वाढली आणि माहिती काडीचीही वाढली नाही. गुलिकाचं (मांदीचा जोडीदार, काही जण दोघांना एकच मानतात) तर अजून वेगळं, तो शनीचा म्हणतात पण त्याला वार आणि दिनमान (दिवसाची लांबी) लागतं, खरा शनी आकाशात कुठे आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

असे बिंदू वाढतच जातात. मध्ययुगीन विद्वान अल्-बिरूनीने १०२९ च्या सुमारास पार्ट ऑफ फॉर्च्युनसारखे ९७ बिंदू नोंदवले आणि रोज नवे निघतायत अशी तक्रारही केली. आता हिशोब करू. ९७ बिंदू वर्तुळावर कसेही विखुरले आणि मागेपुढे २ अंश चालतील असं धरलं, तर तुम्ही कुठलाही अंश निवडा, त्याच्याजवळ निदान एक बिंदू असण्याची शक्यता सुमारे ६६ टक्के निघते. म्हणजे घटना घडून गेल्यावर शोधायला बसलं तर तीनातल्या दोन वेळा काहीतरी सापडणारच, आणि एकाऐवजी दोन ग्रह तपासले तर शक्यता ९० टक्क्यांच्या जवळ जाते. त्यामुळे त्या दिवशी शनी नेमका अमुक बिंदूवर होता असं कुणी सांगितलं तर मी एवढंच विचारतो, बिंदू आधी ठरवला होता की नंतर, आणि एकूण किती तपासले.