फ्लश झालं, पण कमिट झालं का?

जावातले ऑब्जेक्ट आणि डेटाबेसची टेबलं यांची सांगड घालणाऱ्या हायबरनेट या लायब्ररीवर काम करणाऱ्यांच्या तोंडी ‘डेटा सेव्ह झाला’ हे वाक्य सतत असतं. पण तो पोचला कुठवर? एसक्यूएल, म्हणजे बदलाची आज्ञा, डेटाबेसकडे रवाना झालं, की डेटाबेसने ते कायमचं पक्कं केलं? पहिलं म्हणजे फ्लश, दुसरं कमिट. कमिटच्या आधी फ्लश आपोआप होतं, त्यामुळे अनेकांच्या लेखी दोन्ही एकच.

ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गटात, ऑर्डरचा ऑब्जेक्ट लोड करून त्याची स्थिती बदलली, तरी अपडेट लगेच जात नाही. बदल पर्सिस्टन्स कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे अ‍ॅप्लिकेशनच्याच मेमरीत, थांबतो. फ्लशच्या वेळी हायबरनेट आत्ताचा ऑब्जेक्ट लोड करतानाच्या नोंदीशी ताडून बघतं आणि फरक दिसला तर अपडेट पाठवतं. सेव्ह न बोलावताही बदल टेबलात कसा गेला, या नेहमीच्या कोड्याचं उत्तर हेच.

फ्लशनंतर रो, म्हणजे टेबलातली ओळ, बदललेली असते, पण फक्त त्याच ट्रान्झॅक्शनपुरती. रीड कमिटेड पातळीवर, म्हणजे कमिट झालेलंच वाचायचं असा नियम असताना, बाकीच्यांना नवं मूल्य दिसत नाही, आणि रोलबॅक झालं, म्हणजे ट्रान्झॅक्शन रद्द झालं, तर सगळं पुसलं जातं. शिवाय अपडेट गेल्यापासून कमिटपर्यंत त्या रोवर लॉक असतं. मधेच फ्लश करून मग एखाद्या बाहेरच्या सेवेच्या उत्तराची वाट बघत बसलात, तर त्या रोसाठी ताटकळणारे दुसरे व्यवहारही तेवढाच वेळ अडकतात.

फ्लश कधी होतं? कमिटआधी, आपण स्वतः बोलावलं तर, आणि साठलेल्या बदलांचा परिणाम होईल अशी जेपीए (हायबरनेट पाळतं ते जावाचं प्रमाण) क्वेरी चालवण्याआधी. आयडी आयडेंटिटी कॉलममधून, म्हणजे डेटाबेस स्वतः क्रमांक भरतो अशा कॉलममधून, येत असेल, तर इन्सर्ट मात्र सहसा पर्सिस्टच्या (नवा ऑब्जेक्ट हायबरनेटकडे सोपवण्याच्या) क्षणीच जातं, कारण आयडी डेटाबेसकडूनच मिळायचा असतो.

खरी डोकेदुखी क्रमाची. हायबरनेट फ्लश करताना इन्सर्ट आधी पाठवतं, मग अपडेट, आणि डिलीट शेवटी; कोडमधला क्रम काहीही असो. जुना ग्राहक डिलीट करून त्याच ईमेलचा नवा ग्राहक जोडला, की युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तोच ईमेल दोनदा नको हा टेबलाचा नियम, मोडल्याची तक्रार येते. कोड वाचून चूक सापडत नाही, कारण कोडमध्ये डिलीट वरच असतं. दोन्हींच्या मधे हाताने फ्लश करणं हा इथला साधा उपाय. एरवी सर्व्हिस लेयरमध्ये जागोजागी फ्लश पेरलेलं दिसलं, की मला तरी लिहिणाऱ्याला नेमकं काय हवं होतं याची शंका येते.

कन्स्ट्रेंटची चूक बहुधा फ्लशच्या वेळी उघड होते. स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये ट्रान्झॅक्शनल मेथडच्या (जिच्याभोवती ट्रान्झॅक्शन आपोआप सुरू होऊन संपतं) आत सेव्हभोवती चूक पकडणारा ट्राय-कॅच लावला आणि फ्लश मात्र मेथड संपल्यावर कमिटसोबत झालं, तर त्या कॅचपर्यंत काहीच येत नाही. चूक तिथेच हवी असेल, तर सेव्ह-अँड-फ्लश वापरणं योग्य. तरी फ्लश निर्धोक पार पडलं म्हणून कमिटची खात्री नसते: पोस्टग्रेसमध्ये कन्स्ट्रेंट ‘इनिशियली डिफर्ड’ असेल, तर तपासणीच कमिटच्या वेळी होते.

हजारो रो भरताना ठरावीक टप्प्यांनी फ्लश आणि क्लिअर (पर्सिस्टन्स कॉन्टेक्स्ट रिकामा) करतात. हेतू मेमरी मोकळी करण्याचा. ट्रान्झॅक्शन एकच असेल, तर शेवटची रो फसल्यावर पहिलीही जाते. आणि क्लिअर फ्लशच्या आधी केलं तर न पाठवलेले बदल गुपचूप हरवतात, एरर येत नाही.

रोलबॅक डेटाबेसला मागे नेतं, मेमरीतल्या ऑब्जेक्टला नाही. ऑब्जेक्टमध्ये बदललेली मूल्यं तशीच राहतात, कधी टेबलात नसलेला आयडीही. पुन्हा प्रयत्न करायचा तर ते ऑब्जेक्ट सोडून द्यावेत आणि नव्या ट्रान्झॅक्शनमध्ये ताजे लोड करावेत.