पेडर रोडच्या उतारावरच्या लाटा

पावसात पेडर रोडच्या उतारावरून पाण्याचा पातळ थर घसरतो, तेव्हा त्यावर आडव्या सुरकुत्या धावताना दिसतात. "वारा हो, नाहीतर रस्ताच खडबडीत," हे आपलं ठरलेलं उत्तर. (खड्ड्यांवर खापर फोडायला मुंबईकराला निमित्त लागत नाही!) पण वारा पडलेला असताना, गुळगुळीत काचेवरही त्या उठतात. रशियन शास्त्रज्ञ प्योत्र कापित्सा यांनी १९४०च्या दशकात अशाच थरांवर प्रयोग केले. उताराच्या मानाने थर पुरेसा जाड असला की पाण्याच्या जडत्वामुळे बारीकसा हेलकावाही वाढत जातो. अगदी आखूड लाटा पृष्ठताण दाबून टाकतो, लांब उरतात. वाहत्या पानाकडे बघा, लाटा त्याला मागे टाकतात. गणितानुसार संथ थरातली लांब लाट पृष्ठभागावरच्या पाण्याच्या दुप्पट वेगाने पळते.