वाद पहिलीपासून सुरू झाला, बालवाडी बाहेरच राहिली

पर्यावरण शिक्षणाची चर्चा २२ नोव्हेंबर १९९१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापाशी येतेच. एका वकिलाच्या जनहित याचिकेवरचा तो आदेश. शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण विषय सक्तीचा करा, चित्रपटगृहांत पर्यावरणाच्या स्लाइड मोफत दाखवा, असे त्यात होते. अभ्यासक्रमाचे काम रेंगाळले. याचिकाकर्त्याने पुन्हा दार ठोठावल्यावर डिसेंबर २००३ मध्ये नवा आदेश निघाला आणि २००४ मध्ये अभ्यासक्रमाचा इयत्तावार आराखडा तयार झाला.

मग वाद पेटला तो स्वतंत्र विषय की सगळ्या विषयांत मिसळण, यावरून. वेगळे पुस्तक आले की वेगळी परीक्षा आणि वेगळे पाठांतर, हा एका बाजूचा आक्षेप. मिसळून टाकले तर ते कुणाचेच काम राहत नाही, हा दुसऱ्या बाजूचा. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मिसळणीचा पक्ष घेतला. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला मात्र तो वेगळा विषय म्हणूनच राहिला, बराचसा प्रकल्पवहीत उतरला. पुढे त्याला जलसुरक्षेची जोड मिळाली. दोन्ही बाजूंकडे तथ्य होते. पण २००४ चा आराखडा पहिली ते बारावीचा होता. त्यामुळे भांडणही पहिलीपासून पुढच्याच मुलांचे राहिले. तीन ते सहा वर्षांचे मूल कुणाच्याच बाजूला नव्हते. अंगणवाडी महिला-बालविकास खात्याकडे, शाळा शिक्षण खात्याकडे, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातला हक्क सहा ते चौदा वर्षांचा. ही चूक फार महागात पडली आहे, कारण मातीत हात घालायचे, किड्यामागे धावायचे वय नेमके तेच.

आणि हे इथे कुणाला ठाऊक नव्हते असेही नाही. १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवर बालशिक्षणाचे जे काम उभे राहिले, त्यात शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने होती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात गेली. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि पुढे अंगणवाडी हळूहळू देशभर पसरली. भर मात्र पोषण आणि लसीकरणावर राहिला. त्या काळची गरजही तशी होतीच.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला आणि त्या टप्प्याच्या २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्यात भोवतालच्या निसर्गाबद्दल आपुलकी हे स्वतंत्र उद्दिष्ट झाले. तोवर प्रश्न निसर्गाच्या आपुलकीपुरता न राहता उन्हा-पुरापासून जपण्यापर्यंत पुढे सरकला होता. लहान मुलाचे शरीर वजनाच्या मानाने जास्त उष्णता शोषते, लवकर कोरडे पडते. पत्र्याच्या छताखालच्या अंगणवाडीत एप्रिलची दुपार काढणे हा आजाराचा धोका आहे. त्यावर आजवरचा नेहमीचा उपाय म्हणजे वर्ग सकाळी भरवणे. तहान लागण्याआधी पाणी पिणे, सावली शोधणे, पूर आला तर कुणाचा हात धरायचा हे खेळातून शिकवण्याचे काम अजून बहुतेक ठिकाणी सेविकेच्या स्वतःच्या हौसेवर चालते.