ओढून लावलेला क्रम सर्व्हरपर्यंत कसा पोचतो: पार्श्वभूमी

नोव्हेंबर १९९५मध्ये वेबपानं लिहायच्या भाषेचा, एचटीएमएल २.०चा, अधिकृत दस्तऐवज (आरएफसी १८६६) आला, तेव्हा पानावरच्या ओळी ओढून वर-खाली करायची सोयच नव्हती. पण फॉर्ममधली फील्डं (माहिती भरायच्या जागा) पानात ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने पाठवायची, हा नियम त्यात होता. आजच्या ड्रॅग-ड्रॉप याद्यांना आधार त्याचाच आहे.

१९९९मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ने ड्रॅग-ड्रॉपचा एपीआय (प्रोग्रॅममधून वापरायची तयार सोय) आणला. पुढे एचटीएमएल५ने बराचसा तोच उचलला. २००५मध्ये स्क्रिप्टॅक्युलस आणि २००७मध्ये जेक्वेरी यूआय या जावास्क्रिप्टच्या तयार कोडसंग्रहांतल्या 'सॉर्टेबल'मुळे अशी यादी चार ओळींच्या कोडात होऊ लागली. दोन्हींतलं 'सीरियलाइझ' हे फंक्शन ओळींच्या आयडींवरून क्रमाची स्ट्रिंग (अक्षरांची साखळी) बनवतं. जेक्वेरी यूआयमध्ये आयडी 'बाब_७' अशा घाटाचा लागतो, नुसता 'बाब७' दिला तर हाती रिकामी स्ट्रिंग येते.

गफलत बहुतेक वेळा इथे होते: फॉर्म पाठवताना ब्राउझर एलआय (यादीतल्या ओळीचा टॅग) पाठवत नाही, फक्त फील्डं पाठवतो. बडोद्यात दांडिया बाजारातल्या एखाद्या मंडळाने गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका अशा यादीत लावली, तर भजन, नाट्यप्रवेश, बक्षीस समारंभ या प्रत्येक ओळीच्या आत एक हिडन इनपुट (पानावर न दिसणारं फील्ड) हवं: नाव 'बाब[]', व्हॅल्यू त्या कार्यक्रमाचा आयडी. ओळ सरकली की इनपुटही सरकतं आणि पीएचपीला (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडाच्या भाषेला) अ‍ॅरे (व्हॅल्यूंची यादी) नव्या क्रमाने मिळतो. कंसात ०, १, २ असे आकडे आधीच घातले असतील, तर ओळ हलली तरी आकडा जुनाच राहतो; त्या आकड्यावरून जागा ठरवणारा कोड जुना क्रमच परत आणतो. सीएसएसच्या (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेच्या) 'ऑर्डर'ने हलवलेली ओळ फक्त डोळ्यांना हललेली दिसते, डॉममध्ये (ब्राउझरने धरलेल्या पानाच्या रचनेत) ती होती तिथेच असते. त्याच ओळीत 'चेक[]' असा चेकबॉक्स असेल तर आणखी घोळ, कारण टिक नसलेला चेकबॉक्स जातच नाही आणि दोन अ‍ॅरेंची जोडी बिघडते. चेकबॉक्सच्या नावातल्या कंसात कार्यक्रमाचा आयडी घातला की हा प्रश्न मिटतो.

सर्व्हरवरच्या डेटाबेसात क्रमासाठी वेगळा कॉलम ठेवून सगळे आकडे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र, नाहीतर एकही नाही अशा रीतीने) लिहावेत आणि वाचताना 'ऑर्डर बाय' (क्रम लावायची सूचना) लावावं. ते नसेल तर डेटाबेस कोणत्याही क्रमाची हमी देत नाही.

ऑक्टोबर २०२३च्या डब्ल्यूसीएजी २.२ने (अपंगांनाही वेबसाइट वापरता याव्यात म्हणून केलेल्या नियमावलीने) ओढण्याला पर्याय असावा असा निकष (२.५.७) घातला. 'वर' आणि 'खाली' अशी दोन बटणं दिली तरी पुरतं, फक्त त्यांनी इनपुटासकट अख्खी ओळ हलवली पाहिजे.